गवत खचले की निवडुंग येतो: आफ्रिकेचा सॅव्हाना आणि नाशिकचे माळरान

दुष्काळी तालुक्यांत जनावरांच्या चाऱ्यासाठी बिनकाट्यांचा निवडुंग लावावा, हा विचार गेल्या काही वर्षांत सरकारी पातळीवरून जोराने मांडला जात आहे. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने पाणलोट विकासाच्या कामांबरोबर पडीक जमिनीवर निवडुंग लावण्याचा विषय 2022 च्या सुमारास हाती घेतला आणि चारा, जैवइंधन, खत असे त्याचे अनेक उपयोग सांगितले. येवला, नांदगाव, मालेगाव किंवा सिन्नरच्या पूर्व भागात मे महिन्यात ज्याने कडब्याचा भाव विचारला आहे, त्याला या कल्पनेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. आफ्रिकेतून येणाऱ्या बातम्या मात्र नेमक्या उलट्या आहेत. केनियात आणि दक्षिण आफ्रिकेत याच कुळातल्या निवडुंगाने गुरांची कुरणे आणि हत्ती-झेब्र्यांचे अधिवास व्यापले असून तो आटोक्यात आणण्यासाठी वर्षानुवर्षे मेहनत घ्यावी लागत आहे. एकच वनस्पती इथे उपाय आणि तिथे आपत्ती कशी ठरते, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडल्यास नवल नाही.

त्याचे उत्तर शोधताना निवडुंगाच्या आधी गवताकडे पाहावे लागते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. निवडुंग जिथे जिथे बेसुमार पसरला, तिथे बहुतेक वेळा गवत आधीच खचलेले होते, आणि ही गोष्ट वगळून केलेला कोणताही उपाय अर्धवट राहतो.

## सॅव्हाना म्हणजे नेमके काय?

जमिनीवर गवताचा थर आणि त्यात विखुरलेली झाडे, अशा भूप्रदेशाला सॅव्हाना म्हणतात. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर आफ्रिका उभी राहते, पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पसरलेले आपले माळरानही याच प्रकारात मोडते. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तिथून पूर्वेला येवल्याकडे सरकत गेले की तो 500 मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. एवढ्या पावसावर दाट जंगल उभे राहत नाही. तिथे कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते वाढतात, मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ आणि खैर दिसतात, आणि या मोकळेपणावरच काळवीट, लांडगा, खोकड, धाविक आणि चंडोल यांचे जगणे अवलंबून असते. येवला तालुक्यातील ममदापूरचे संवर्धन राखीव क्षेत्र काळविटांसाठी ओळखले जाते ते याच कारणाने. धोका लांबूनच दिसावा आणि दिसताच सुसाट पळता यावे, ही काळविटाची गरज आहे. झुडपांच्या गर्दीत ती भागत नाही.

या प्रदेशाचा तोल गवत सांभाळते. त्याच्या तंतुमय मुळांचे जाळे मातीच्या वरच्या थरातले पाणी चटकन शोषून घेते, त्यामुळे नुकत्याच उगवलेल्या झाडोऱ्याच्या रोपाला वाटा कमी मिळतो. कोरड्या दिवसांत वाळलेले गवत कधी पेटते आणि त्यात कोवळी रोपे जळून जातात, तर गवताचे बुंधे पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. चरणारी जनावरे गवत खातात, पण चराईला विश्रांतीचे दिवस मिळाले तर ते तितकेच परत येते. पाऊस, आग, चराई आणि गवत यांचा हा जुना व्यवहार आहे. दुर्दैवाने आपल्याकडे अशा जमिनीची गणना ‘पडीक’ म्हणून होते, जणू काही तिथे पूर्वी जंगल होते आणि ते बिघडून माळ उरला. या एका गैरसमजाची मोठी किंमत माळरानांनी मोजली आहे.

## निवडुंग इतका चिवट का?

या लेखात निवडुंग म्हणजे आपण ज्याला फड्या निवडुंग म्हणतो तो, चपट्या हिरव्या फड्यांचा आणि लाल-जांभळ्या फळांचा. त्याच्या वंशाचे शास्त्रीय नाव ओपन्शिया. तोडल्यावर पांढरा चीक येणारे त्रिधारी निवडुंग आणि शेर ही वेगळ्या कुळातील झाडे असून त्यांचा इथे संबंध नाही. ओपन्शियाचे मूळ घर अमेरिका खंडात आहे; आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात तो माणसाने नेला.

त्याची पहिली ताकद श्वासाच्या वेळेत आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्या उघड्या छिद्रांतून पाणी गमावतात. आपल्याकडचे पालेभाजीचे शेतकरी कोथिंबीर उन्हात हलवत नाहीत, रात्रीच्या गारव्यात गाडी भरून मुंबईला पाठवतात, कारण दिवसा माल सुकतो. निवडुंगाचा हिशेब तोच आहे. तो छिद्रे रात्री उघडतो, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा छिद्रे मिटून त्या साठ्यावर प्रकाशाच्या मदतीने अन्न तयार करतो. त्यामुळे तेवढेच अन्न तयार करायला त्याला गवतापेक्षा खूप कमी पाणी पुरते.

दुसरी ताकद त्याच्या फडीत आहे. फडी हे खोड असते, पान नव्हे. ती तुटून जमिनीवर पडली आणि थोडी ओल मिळाली की तिला मुळे फुटतात आणि नवे झाड तयार होते. पुराच्या पाण्याने वाहिलेली, जनावराच्या अंगाला काट्याने अडकून गेलेली किंवा कुंपण साफ करताना ओढ्यात फेकलेली प्रत्येक फडी हे एक रोपच असते.

तिसरी गोष्ट जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मोठे काटे सगळ्यांना दिसतात, पण त्यांच्या बुडाशी आणि फळाच्या सालीवर पिवळसर-तपकिरी केसांचे छोटे छोटे झुपके असतात. या प्रत्येक केसाला उलट्या दिशेचे सूक्ष्म दाते असतात. हलका स्पर्श झाला तरी ते सुटून कातडीत शिरतात आणि चोळले की आणखी आत जातात. ज्याने लहानपणी फळ नीट न घासता तोंडात टाकले असेल, त्याला जिभेवरची ती टोचणी आठवत असेल. माणूस चिमट्याने काटे काढू शकतो, शेळीला ती सोय नाही.

## लायकिपियात काय घडले?

केनिया पर्वताच्या वायव्येला लायकिपियाचे पठार आहे. तिथे गुरे पाळणारे समाज, मोठी खासगी कुरणे आणि वन्यजीव एकाच भूभागावर नांदतात. हत्तींचे मोठे कळप, ग्रेव्हीचा झेब्रा, रानकुत्रे यांचे हे महत्त्वाचे क्षेत्र असून त्याचा बराचसा भाग राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर आहे. ब्रिटिश अमदानीत तिथे निवडुंग आला तो सजीव कुंपण म्हणून. काही दशके तो वस्तीच्या आसपास राहिला आणि मग पसरत पसरत कुरणांत गेला. आज तिथल्या काही सामुदायिक कुरणांत त्याची अशी दाट बेटे आहेत की त्यांतून गुरे हाकणे अवघड होते. यात ओपन्शिया स्ट्रिक्टा ही जात प्रमुख आहे आणि तिच्या जोडीला ओपन्शिया एंगेलमनी ही जातही आढळते.

त्याला तिथवर नेले कोणी? उत्तर आहे, प्राण्यांनी. निवडुंगाचे फळ गोड आणि रसाळ असते आणि ते अशा कोरड्या दिवसांतही मिळते जेव्हा इतर खाद्य कमी असते. बबून माकडे ते आवडीने खातात, हत्ती खातात, पक्षीही खातात. बिया पोटातून सुखरूप बाहेर पडतात आणि शेणा-विष्ठेच्या ढिगाबरोबर दूरवर रुजतात. हत्ती एका दिवसात किती अंतर कापतो हे लक्षात घेतले की कुंपणाची वनस्पती पठारभर कशी पोहोचली याचा अंदाज येतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातही हीच कथा आहे. तिथे ओपन्शिया स्ट्रिक्टा शोभेचे झाड म्हणून स्कुकुझा या वसाहतीत लावला गेला, आणि पुढे बबून व हत्ती यांनी तो उद्यानात हजारो हेक्टरांवर पोहोचवला.

इथे एक प्रश्न राहतो. बबून आणि हत्ती तर सगळीकडेच बी टाकतात, मग काही भागांत निवडुंग दाट आणि शेजारी विरळ, असे का? बबून माकडांचा अनेक दशके अभ्यास करणाऱ्या शर्ली स्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये लायकिपियाविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी बोट ठेवले ते जमिनीच्या वापरातील बदलावर. पूर्वी पशुपालक पावसामागे कळप घेऊन फिरत असत, त्यामुळे चरलेल्या जमिनीला विश्रांती मिळे. वस्त्या स्थिर झाल्या, जमिनीचे तुकडे पडले, तीच ती कुरणे वर्षभर चरली जाऊ लागली आणि जमीन उघडी पडली. उघड्या जमिनीवर निवडुंगाच्या रोपाशी पाण्यासाठी झगडणारे गवत नसते आणि त्याला जाळणारी आगही लागत नाही, कारण जळायला वाळले गवतच उरत नाही. नंतर चक्र उलटे फिरू लागते. निवडुंगाने जितकी जागा अडवली तितकी चराईची जागा घटते, उरलेल्या जागेवर तेवढ्याच गुरांचा भार पडतो, तीही उघडी पडते आणि तिथेही निवडुंग शिरतो.

## प्राण्यांचे नुकसान होते म्हणजे नेमके काय होते?

पाळीव जनावरांचे नुकसान सर्वांत स्पष्ट आहे. चारा संपला की शेळ्या-मेंढ्या आणि गुरे फळांकडे व फड्यांकडे वळतात. सूक्ष्म काटे ओठांत, जिभेत, हिरड्यांत आणि पुढे आतड्यांत रुततात, जखमा चिघळतात, डोळ्यांत गेले तर अंधत्व येते, आणि तोंड दुखू लागले की जनावर खाणे सोडते. ज्या कुटुंबाची सारी मिळकत पाच-पंचवीस शेळ्यांत आहे, त्या कुटुंबाला हे परवडत नाही. हत्ती गोड फळांमागे वस्तीजवळ येतात तेव्हा माणूस आणि वन्यजीव यांच्यातला ताणही वाढतो.

वन्यजीवांवरचा परिणाम इतका सरळ नाही आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. लायकिपियात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासांत असे दिसले की परिणाम सर्व प्राण्यांवर सारखा नसतो. एखाद्या प्राण्याचा वावर निवडुंगामुळे वाढतो, एखाद्याचा घटतो, आणि आपण एका झुडपाभोवती पाहतो की चौरस किलोमीटरभर पाहतो यावरही निष्कर्ष बदलतो. क्रुगरमध्ये भुंगेरे आणि कोळी यांच्यावर झालेल्या एका अभ्यासात निवडुंगाच्या दाटीमुळे त्यांच्या विविधतेत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ निवडुंग निरुपद्रवी आहे असा काढणे घाईचे ठरेल. फळ खाणाऱ्याला लाभ झाला तरी गवतावर जगणाऱ्या प्राण्यांची जागा घटतेच, आणि लाभार्थी प्राणीच पुढे बी पसरवत राहतात. तरीही निवडुंग आला की सारे जीवन संपले, अशी भाषा मला अभ्यासाला धरून वाटत नाही. नुकसान कोणाचे, किती आणि कोणत्या टप्प्यावर, हे जागेवर जाऊन पाहावे लागते.

## द्राक्ष, टोमॅटो, मका हेही परदेशीच. मग निवडुंगावरच राग का?

नाशिकमध्ये हा आक्षेप हमखास येतो आणि तो रास्तही आहे. टोमॅटो, मिरची आणि मका अमेरिकेतून आले, द्राक्षही बाहेरूनच आले, आणि या जिल्ह्याचा संसार त्यांच्यावर चालतो. फरक असा की द्राक्षाची बाग एक हंगाम छाटणी आणि औषधाविना सोडली तर तिची अवस्था काय होते हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. ती माळ ओलांडून ममदापूरच्या कुरणात शिरत नाही. जी परदेशी प्रजाती माणसाच्या मदतीशिवाय रुजते, पसरते आणि तिथल्या जीवांचे नुकसान करते, तिलाच आक्रमक परदेशी प्रजाती म्हणतात. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार माणसाने जगभर हलवलेल्या आणि नव्या जागी स्थिरावलेल्या प्रजाती 37,000 हून अधिक आहेत, तर त्यांतल्या हानिकारक ठरलेल्या साडेतीन हजारांच्या घरात आहेत. म्हणजे बाहेरून आलेल्या बहुतेक प्रजाती निमूटपणे राहतात. ज्या थोड्या राहत नाहीत त्या ओळखण्याचे काम महत्त्वाचे आहे, आणि घाणेरी, गाजरगवत, वेडी बाभूळ व गोदावरीतली पानवेल पाहिलेल्या नाशिककरांना त्यासाठी दूरची उदाहरणे द्यायला नकोत.

## मग तोडून, जाळून, फवारून का संपवत नाहीत?

तोडले तर फड्या विखुरतात आणि प्रत्येक तुकडा रुजतो. खोल खड्ड्यात पुरणे उपयोगी पडते, पण ते घरामागच्या जागेपुरते. हजारो हेक्टरांवर तेवढे मनुष्यबळ कोणाकडेही नसते. तणनाशक टोचून मोठी झाडे मरतात, मात्र गवतात लपलेली बोटभर रोपे नजरेतून सुटतात आणि दोन-चार वर्षांत पुन्हा तीच स्थिती येते. क्रुगरमध्ये नेमका हाच अनुभव आला. ओल्या फड्या आगीतही लवकर जळत नाहीत, कारण त्यांच्यात 85 ते 90 टक्के पाणीच असते.

म्हणून शेवटी कीटकांकडे वळावे लागले. एखाद्या वनस्पतीच्या मूळ प्रदेशातून तिचा नैसर्गिक शत्रू आणून तिच्यावर सोडणे याला जैविक नियंत्रण म्हणतात. सर्वांत गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तिथे 1920 च्या दशकात क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधील सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन निवडुंगाखाली गेली होती आणि शेतकरी घरे सोडून जात होते. 1925 मध्ये अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाच्या पतंगाची अंडी आणली गेली, 1926 पासून अळ्या सोडण्यात आल्या, आणि फडी आतून पोखरणाऱ्या त्या अळ्यांनी सहा-सात वर्षांत बहुतेक निवडुंग झोपवला. कृतज्ञ लोकांनी बूनार्गा या गावी त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधले.

## आपल्याकडे हे आधीच घडून गेले आहे

ऑस्ट्रेलियाची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, भारताची मात्र क्वचितच, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील या किड्यापासून किरमिजी रंग मिळतो. अठराव्या शतकात या रंगावर मेक्सिकोमुळे स्पेनची मक्तेदारी होती आणि ती मोडण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनी धडपडत होती. 1795 मध्ये ब्राझीलहून बंगालमध्ये किडा आणला गेला, पण तो भलत्याच जातीचा निघाला. त्याचा रंग हलका होता, व्यापार बुडाला. किडा मात्र टिकला आणि त्याने उत्तर व मध्य भारतातील निवडुंगाच्या एका जातीचा पार फडशा पाडला. हे लक्षात आल्यावर तो मुद्दाम दक्षिण भारतात नेण्यात आला आणि 1863 मध्ये श्रीलंकेत. कीटक वापरून तण हटवण्याचे जगातले हे अगदी सुरुवातीचे प्रयत्न मानले जातात.

पुढे एक अडचण आली. हा किडा निवडुंगाच्या त्या एकाच जातीला खात असे. दख्खनच्या माळावर पसरलेल्या दुसऱ्या जातींना तो शिवतही नव्हता. त्यांच्यासाठी 1926 मध्ये श्रीलंकेतून वेगळ्या जातीचा कोचिनील आणावा लागला आणि त्याने काही वर्षांत काम फत्ते केले. आज आपल्या बांधांवर फड्या निवडुंग दिसतो, पण तो माळ गिळत नाही, त्यामागे या शंभर वर्षांपूर्वीच्या पाहुण्याचा हात आहे. ‘आपल्याकडे निवडुंग आहेच की, कुठे काय बिघडले?’ असे विचारणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

तो पाहुणा अजून भेटतो. बांधावरच्या फडीवर बुरशीसारखे किंवा पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते काडीने दाबून पाहावेत. पांढऱ्या मेणचट आवरणाखालून गडद किरमिजी रस फुटतो आणि काडी रंगते. ती कोचिनीलची मादी असते. तिला पंख नसतात, एकदा सोंड रोवली की ती जागा सोडत नाही. फक्त नवजात पिले चालतात किंवा वाऱ्यावर तरंगत शेजारच्या झाडावर जातात. मुसळधार पावसात हे किडे धुऊन जातात, म्हणून कोरड्या महिन्यांत त्यांचा जोर अधिक असतो.

जातीचा हा काटेकोरपणा क्रुगरलाही नडला. तिथे पतंगाने म्हणावे तसे काम केले नाही, आणि कोचिनीलचा योग्य वाण 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातून आणल्यावरच ओपन्शिया स्ट्रिक्टा आटोक्यात येऊ लागला. लायकिपियातही त्याच जातीच्या निवडुंगावर चालणारा कोचिनील 2014 च्या सुमारास सोडण्यात आला. मात्र ओपन्शिया एंगेलमनीला तो वाण तितकासा लागू पडत नाही.

## कीटक सोडणे हा आगीशी खेळ नाही का?

धोका आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्या कॅक्टोब्लास्टिसने ऑस्ट्रेलियाला वाचवले, तोच 1957 मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडला गेला, आणि 1989 मध्ये फ्लोरिडात आढळला. तिथले निवडुंग तिथलेच मूळ रहिवासी आहेत, काही तर दुर्मिळ आहेत, आणि आता त्यांनाच या अळीपासून वाचवावे लागत आहे. शेजारच्या मेक्सिकोत निवडुंग हे अन्न आहे, पीक आहे आणि राष्ट्रध्वजावरचे चिन्हही आहे. मादागास्करच्या दक्षिण भागातला अनुभव याहून विदारक आहे. तिथे निवडुंग परदेशीच होता, पण पशुपालकांनी काटे भाजून तो गुरांना घालण्याची रीत बसवली होती आणि कोरड्या ऋतूत त्यांची सारी भिस्त त्याच्यावर होती. 1920 च्या दशकात कोचिनील आल्यावर निवडुंग झपाट्याने नष्ट झाला, गुरे मेली आणि माणसांवर उपासमारीची वेळ आली. भारत किंवा केनियासारख्या ठिकाणी मूळचा ओपन्शिया नसल्यामुळे वनस्पतींना असलेला धोका कमी आहे. पण निवडुंगावर कोणाचे पोट अवलंबून आहे का, हा प्रश्न किडा सोडण्याआधी विचारलाच पाहिजे.

आणखी एक मर्यादा आहे. किडा निवडुंग मारतो, गवत लावत नाही. मेलेल्या निवडुंगाच्या जागी जमीन उघडीच राहिली आणि चराईला विश्रांती मिळाली नाही, तर ती जागा दुसऱ्या तणाला मोकळी होते.

## बिनकाट्यांचा निवडुंग तरी निर्धोक आहे ना?

चाऱ्यासाठी सुचवला जाणारा निवडुंग प्रामुख्याने ओपन्शिया फायकस-इंडिका या जातीचे बिनकाट्यांचे वाण आहेत. शेतकऱ्याने बंदिस्त शेतात लावावा, फडी कापून कडब्याबरोबर मिसळून द्यावी, यात मला वावगे दिसत नाही. त्यात पाणी भरपूर आणि प्रथिने कमी असल्यामुळे तो एकट्याने पोट भरणारा चारा मात्र नव्हे.

माझी हरकत जागेबद्दल आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागात याच जातीने एकेकाळी सुमारे 9 लाख हेक्टर जमीन व्यापली होती. बिनकाट्यांच्या झाडाच्या बियांपासून उगवणारी पुढची पिढी पुन्हा काटेरी निघू शकते, आणि बिया कोण कुठे नेईल यावर कुंपणाचा ताबा नसतो. आपल्याकडे हत्ती किंवा बबून नाहीत, पण फळे खाणारे पक्षी, वानरे, कोल्हे आणि रानडुकरे आहेत. काळवीटही बी वाहतो. गुजरातमधील वेळावदरला झालेल्या अभ्यासात असे दिसले की नर काळवीट आपली हद्द दाखवण्यासाठी एकाच जागी वारंवार लेंड्या टाकतो आणि त्या ढिगांतून वेडी बाभूळ नेमकी मोकळ्या गवताळ भागात रुजते. जे वेड्या बाभळीचे झाले ते दुसऱ्या गोड फळाचे होणार नाही, याची खात्री कोणी द्यावी?

याउलट धोका लागवडीलाही आहे. 1926 साली आलेल्या कोचिनीलची जात 2014 मध्ये मोरोक्कोत पोहोचली आणि तिने तिथल्या फायकस-इंडिकाच्या लागवडी उद्ध्वस्त केल्या. ती जात भारतात आधीपासूनच आहे. त्यामुळे रोपे घेताना हा वाण कोचिनीलला किती तोंड देतो, हे शेतकऱ्याने पुरवठादाराला स्पष्ट विचारावे.

## ममदापूरच्या आसपास काय करता येईल?

गायरानावर किंवा वनखात्याच्या कुरणात निवडुंगाची लागवड सुचवली गेली, तर ग्रामसभेने पहिल्यांदा त्या जागेवर आज काय उगवते हे पाहावे. तिथे पवन्या आणि मारवेल उभी असेल, मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या तिथे उतरत असतील आणि काळविटांचे कळप चरत असतील, तर ती जमीन पडीक नाही आणि तिला लागवडीची गरजही नाही. तिला गरज आहे ती चराई आलटून-पालटून करण्याची आणि चर खणून गवताचा थर न उपसण्याची. शेतातल्या लागवडीची फळे पिकण्याआधी उतरवावीत, छाटलेल्या फड्या ओढ्यात, नाल्यात किंवा रस्त्याकडेला टाकू नयेत, आणि कुंपणापलीकडे उगवलेले रोप बोटभर असतानाच मुळासकट काढावे. ते बोटभर असेपर्यंत एका खुरप्याचे काम असते, पाच वर्षांनी ते सरकारी योजनेचे होते.

पाहणीसाठी दिवाळीनंतरचा काळ सोयीचा आहे. गवत पिवळे पडू लागले की हिरवी फडी लांबूनही उठून दिसते. मोठ्या झाडांच्या सावलीत, पाणवठ्यांच्या वाटेवर, ओढ्याच्या काठाने आणि खडकांच्या कपारीत आधी शोधावे, कारण पक्षी-प्राणी विसावतात तिथेच बी पडते आणि वाहत आलेली फडी काठालाच अडकते. जे सापडेल त्याची जागा, झुडपांची अंदाजे संख्या आणि त्यांवर कोचिनीलचे पांढरे पुंजके आहेत की नाहीत, एवढी नोंद गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत करावी आणि तिची एक प्रत वनरक्षकाकडे द्यावी. पुंजके असलेली झुडपे तोडू नयेत. तो किडा तिथे जगला तरच पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या झुडपावर जाईल.